साथीचा काळ आणि डॉक्टरांचे श्रम



कपिलधारला आम्ही लहानपणापासून येत आहोत. कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या समाधीला दिंड्या येतात तेव्हा ही दरी माणसांनी भरून जाते आणि शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. आज उन्हाळ्यामुळे धार बारीक झाली आहे, झाडांखाली सावली आहे, आणि वक्त्याला आवाज चढवावा लागणार नाही. आवाज चढवण्याची सवय आम्हांला फार. आजचा विषय मात्र हळू बोलण्याचा आहे.

व्याख्यानमालेच्या चालकांना वाटले होते की हा गृहस्थ ऊसतोडीचे दर, मुकादमाची उचल आणि कारखान्याचा काटा यांवर बोलेल. त्या विषयांवर आम्ही एरवी बोलतोच, न बोलावताही बोलतो. आज डॉक्टरांवर बोलायचे आहे. साथ आली म्हणजे डॉक्टरच्या मनावर आणि शरीरावर जो भार पडतो, तो तो कसा पेलतो, हा प्रश्न आम्हांला गेली काही वर्षे सोडीत नाही. आम्ही वैद्यकी शिकलेलो नाही. पण श्रमाने माणूस कसा वाकतो हे ओळखण्यात आमचे आयुष्य गेले, आणि तेवढ्याच अधिकाराने बोलतो.

या जिल्ह्यात डॉक्टरांची बाजू घेऊन उभे राहणे सोपे नाही, हे आधीच कबूल करतो. २०१९ साली शासनाच्या समितीने ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. आमच्या सभांतून बायका कमरेला हात लावून उठतात, तो हिशेब आम्ही विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. ज्यांनी गरज नसताना पोटे चिरली त्यांच्यासाठी आजचे व्याख्यान नाही. पण एका धंद्यातल्या काही माणसांनी लुबाडले म्हणून त्या धंद्यातल्या सगळ्यांच्या घामाचा हिशेब मांडायचाच नाही, हा न्याय आम्ही कामगारांना लावू देत नाही. मग डॉक्टरांना तरी कसा लावू?

आता हा विषय आमच्या मागे कसा लागला ते सांगतो.

एप्रिल २०२१. कोरोनाची दुसरी लाट. आमचा एक मुकादम मित्र, ज्याच्याशी वीस वर्षे भांडलो आणि ज्याच्या घरी वीस वर्षे जेवलो, त्याला एका पहाटे दम लागला. त्याला जीपमध्ये घालून रुग्णालयात नेले. कोणते ते सांगत नाही. त्या महिन्यात सगळीकडे तेच चालले होते. दारात सव्वीस-सत्तावीस वर्षांची एक मुलगी डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या किटमध्ये उभी. डोळे तेवढे दिसत होते. ती म्हणाली, "काका, बेड नाही. मी खोटं सांगत नाही." आम्ही ओरडलो. कारखान्याच्या फाटकावर ओरडतो तसे ओरडलो. पगार कशाचा घेता, असेही विचारले. ती उत्तर न देता आत गेली, आणि थोड्या वेळाने व्हरांड्यात गादी टाकून मित्राला ऑक्सिजन लावला गेला.

त्याच रात्री पाण्याची बाटली भरायला मागच्या जिन्याकडे गेलो, तर तीच मुलगी पायरीवर बसली होती. किट काढलेले. नाकावर आणि गालांवर मास्कच्या पट्ट्यांचे वळ, बोटे पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी पांढरी. हातात बिस्किटांचा पुडा, न फोडलेला. ती झोपलेली नव्हती, रडत नव्हती, फोनवर बोलत नव्हती. नुसती बसली होती. ट्रक भरून झाल्यावर रात्री दोन वाजता आमची बाई चाकाला टेकून अशीच बसते. ते बसणे आम्ही ओळखतो. त्या क्षणी आमच्या ध्यानात आले की सकाळी आपण एका मालकावर ओरडलो नाही, एका मजुरावर ओरडलो.

मित्र तिसऱ्या दिवशी गेला. त्यानंतर पाच आठवडे आम्ही आणि आमच्या संघटनेची काही पोरे त्या रुग्णालयाच्या फाटकाशी राहिलो. काय करीत होतो ते पुढे सांगेन. पण त्या पाच आठवड्यांत, आणि नंतर डॉक्टरांशी बोलून, जे पाहिले व ऐकले ते आधी मांडतो.

साथीत डॉक्टर टिकतो तो पहिल्याने दृष्टी आखूड करून. फडात नवा पोरगा आला की जुना माणूस त्याला सांगतो, लांब बघू नको, समोरचा ऊस बघ. डॉक्टर तेच करतात. वॉर्डात साठ माणसे असतात. तो पुढच्या खाटेचाच विचार करतो. उद्या सिलिंडर येईल की नाही हा विचार मनात शिरू देत नाही. किट चढवण्याचा आणि उतरवण्याचा ठराविक क्रम असतो, त्यात एक जण दुसऱ्याची गाठ, चेन, फट तपासतो. हा क्रम जंतूपासून वाचवण्यासाठी आहे हे खरे. पण एका डॉक्टरने आम्हांला सांगितले की दिवसभरात कुणीतरी आपल्याकडे नीट बघतो असे तेवढेच दोन मिनिट असते.

दुसरे म्हणजे विनोद. हे लोक मृत्यूच्या दारात असे काही विनोद करतात की बाहेरच्याने ऐकले तर दगड उचलावा. नातेवाइकांनी ते ऐकू नयेत हे बरे. पण त्यांवरून त्यांना काळीज नाही असे समजणे चूक आहे. स्मशानात लाकडे रचणारे आणि गटारात उतरणारेही असेच बोलतात. त्या बोलण्याने हात चालू राहतात.

तिसरे, घरी खोटे बोलणे. आईचा फोन आला की "गर्दी काही नाही, जेवण वेळेवर मिळतं." वृद्ध सासरा घरी असलेली एक डॉक्टरीणबाई दोन महिने वसतिगृहाच्या खोलीत राहिली आणि मुलाला खिडकीखाली उभे करून वरून बघत असे. असे खोटे बोलल्याने घरच्यांचा घोर कमी होतो, डॉक्टरचा वाढतो. कारण आता खरे बोलायला एक माणूस कमी झाला.

आणि येथे या रोगाचा एक क्रूर भाग सांगितला पाहिजे. श्रमाच्या माणसाचा ताण उतरतो तो एका ताटात जेवून, एका किटलीतला चहा पिऊन. आमच्या कोप्यांवर दिवसभर भांडलेली माणसे रात्री चुलीपाशी सरळ होतात. संसर्गाच्या साथीने नेमके हेच काढून घेतले. जेवताना मास्क काढावा लागतो, म्हणून जो तो भिंतीकडे तोंड करून एकटा जेवायचा. युद्धातल्या शिपायाला निदान खंदकात शेजारी असतो. साथीतल्या डॉक्टरला शेजारीच धोक्याचा.

मग वाईट वाटाही आल्याच. झोपेच्या गोळ्या, तंबाखू, आणि त्यांहून वाईट म्हणजे मनाला घट्टा पडणे. माणूस जातो आणि खाटेचा नंबर उरतो. "चौदा नंबर गेला." कोयता धरून तळहाताला घट्टा पडतो तो हाताच्या रक्षणासाठीच; पण घट्टा जाड झाला की काटा टोचलेला कळत नाही.

आमच्याकडे 'खाडा' नावाची चीज आहे. नवराबायको मिळून एक कोयता. त्यांतला एक जण एक दिवस आजारी पडला तरी त्या दिवसाचा दंड उचलीच्या हिशेबात चढतो. म्हणून बाई तापातही फडात जाते. डॉक्टरांचा दंड पैशाचा नाही, पण खाडा त्यांनाही आहे. आपण पडलो तर आपल्या वीस खाटा शेजारच्याच्या अंगावर जातात, हे प्रत्येकाला माहीत असते. म्हणून अंग दुखत असता, डोळ्यांसमोर अंधारी येत असता, "मी ठीक आहे" म्हणून ते उभे राहतात. मन थकले असे सांगणे तर त्याहून कठीण. डॉक्टरला मनाचे औषध लागते ही गोष्ट त्या धंद्यात अजून कमीपणाची मानतात.

एवढे पाहिल्यावर आम्ही वाचायला लागलो, आणि दिसले की हे आजचे नाही.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्या साथीवर लस शोधायला वाल्डेमार हाफकिन यांना मुंबईस बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या तोकड्या जागेत त्यांनी तीन महिने काम केले आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली मात्रा स्वतःला टोचून घेतली. ही गोष्ट शाळेत शिकवतात. पण त्या तीन महिन्यांत त्यांच्या एका साहाय्यकाचे मन पार खचले आणि आणखी दोघे काम सोडून गेले, हे शाळेत शिकवीत नाहीत. आम्हांला हाफकिनइतकेच त्या तिघांविषयी कुतूहल आहे. त्यांची नावेही सहसा कोणी सांगत नाही. पुढे हाफकिन यांचेही काय झाले? १९०२ साली पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिन यांच्यावर आला, आणि त्यातून निर्दोष सुटायला त्यांना १९०७ साल उजाडले.

आता आमच्या दृष्टीने अवघड जागा येते. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईत आर्थर रोडच्या रुग्णालयावर, म्हणजे आजच्या कस्तुरबा रुग्णालयावर, हजारभर लोकांचा जमाव चालून गेला. जमाव कुणाचा होता? गिरणी कामगारांचा. आमच्याच लोकांचा. रुग्णालयात नेतात ते मारायलाच, अशी वदंता होती, आणि सरकारच्या शोधपथकांची, सक्तीने उचलून नेण्याची दहशत होती. कामगारांना भ्यायला कारण होते. तरी दगड पडले ते कायदा करणाऱ्यांच्या अंगावर पडले नाहीत; आत जो रुग्णांपाशी होता त्याच्या अंगावर पडले. सव्वाशे वर्षांनी आम्ही व्हरांड्यात जे केले त्याची जात तीच होती.

त्याच साथीची दुसरी बाजूही आपलीच आहे. मुंबईत गिरणी कामगारांची पहिली संघटना १८८४ साली उभारणारे नारायण मेघाजी लोखंडे, ज्यांच्या खटपटीने १८९० साली कामगारांना आठवड्याची सुटी मिळाली, ते ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच गेले. महिनाभराने, १० मार्चला, सावित्रीबाई फुले गेल्या. पुण्याजवळ ससाण्यांच्या मळ्यात त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांचा दवाखाना होता. मुंढव्याच्या वस्तीतल्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या तेथे पोचल्या, आणि रोग त्यांना लागला. आईवर उपचार करणारा डॉक्टर मुलगाच, आणि पुढे रुग्ण येतच होते. त्या रात्री यशवंतांनी काय केले असेल, हे आम्हांला पुष्कळदा मनात येते. पुढे १९०५ साली प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच तेही गेले.

इतक्या लांब जायचेही कारण नाही. १९९४ च्या ऑगस्टअखेर प्लेग परतला तो आपल्याच बीड जिल्ह्यात, मामला गावी. आधी उंदीर पडले, मग माणसांच्या जांघेत व काखेत गाठी आल्या. आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ ला, किल्लारीचा भूकंप झाला होता. सोडलेल्या घरांतल्या धान्यावर उंदीर माजले असावेत असा तज्ज्ञांचा अंदाज होता. आरोग्य खात्याची माणसे गावात गेली, घरोघर कीटकनाशक मारले, टेट्रासायक्लीन वाटले. आम्ही तेव्हा कोयता घेऊन जाण्याच्या वयाचे होतो. त्या हंगामात बीडची टोळी म्हटले की एका गावचे लोक आम्हांला विहिरीवर पाणी भरू देईनात, म्हणून आम्हांला ते साल पक्के आठवते.

तीन आठवड्यांनी, सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, सुरतेत फुप्फुसाचा प्लेग निघाला. खोकल्याने पसरणारा, दोन-तीन दिवसांत नेणारा. पन्नासाहून अधिक माणसे गेली, लाखो शहर सोडून पळाली; त्यांत खानदेशातून गेलेले यंत्रमाग कामगारही होते. आणि पळणाऱ्यांत खाजगी डॉक्टरही होते. दवाखान्यांना कुलपे लागली. त्या वेळी वर्तमानपत्रांनी त्यांना भ्याड म्हटले. आम्हीही म्हटले.

आज आमचे मत थोडे निराळे आहे. ज्याच्या हाती औषध आहे, ज्याच्या मागे खाते आहे, ज्याला उद्या बदली माणूस येईल याची खात्री आहे, त्याची भीती आणि एका गाळ्यात एकटा बसलेल्या डॉक्टरची भीती या एकच गोष्टी नव्हेत. पळालेल्यांची आम्ही वकिली करीत नाही. पण धैर्य हा नुसता स्वभावाचा गुण आहे असे आता आम्ही मानीत नाही. धैर्याला शिधा लागतो.

हे आमच्या डोक्यातून निघालेले नाही, अभ्यासकांनीही ते पाहिले आहे. २००३ साली कॅनडातल्या टोरोंटो शहरात सार्स रोगाची साथ आली. साथ सरल्यावर वर्ष-दोन वर्षांनी तेथल्या आणि जवळच्या हॅमिल्टन शहरातल्या, जेथे सार्सचे रुग्ण नव्हते, अशा एकूण ७६९ रुग्णालय कर्मचाऱ्यांची पाहणी केली. टोरोंटोची माणसे अजून अधिक थकलेली, अधिक खचलेली होती. त्यांचे रुग्ण पाहण्याचे तास कमी झाले होते. आणि आपल्याला पुरेसे शिक्षण, संरक्षण आणि पाठबळ मिळाले असे ज्यांना वाटत होते, त्यांना झळ कमी लागली होती. २०२० च्या आरंभी चीनमध्ये ३४ रुग्णालयांतल्या १,२५७ डॉक्टर-परिचारिकांना विचारले, तेव्हा निम्म्यांत खिन्नतेची लक्षणे होती आणि तिघांत एकाला नीट झोप नव्हती.

पण सर्वांत बोलकी हकीकत चीनच्याच चांग्शा शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाची. व्यवस्थापनाने आपल्या माणसांसाठी मानसोपचाराची सगळी व्यवस्था केली. पथके नेमली, दूरध्वनी ठेवला, शिबिरे घेतली. आणि कर्मचारी जाईनात. चौकशी केली तेव्हा त्यांनी सांगितले, आम्हांला मानसोपचारतज्ज्ञ नको, न मोडणारी विश्रांती आणि पुरेशी संरक्षक साधने द्या. आणि घाबरलेल्या, ऐकत नसलेल्या रुग्णांशी कसे वागावे ते शिकवा. मग व्यवस्थापनाने राहायची जागा दिली, जेवण दिले, घरच्यांना चित्रफीत पाठवायची सोय केली. हे वाचले तेव्हा आम्ही एस.टी.त होतो, आणि शेजारचा प्रवासी बघत राहील इतक्या मोठ्याने हसलो. ही मागणीपत्रिकाच की! आमच्या मागण्यांचा अनुक्रमही बहुधा हाच असतो.

आम्ही मानसोपचाराची थट्टा करीत नाही. काहींना तो हवाच असतो, आणि वेळेवर मिळाला नाही म्हणून जीव जातात. पण बारा तास उभ्या असलेल्या माणसाला खुर्ची न देता प्राणायाम शिकवणे ही मात्र थट्टा आहे.

तेव्हा तासांचे बोलू. १९४८ च्या कारखाने कायद्याने कामगाराचा आठवडा ४८ तासांचा केला. १९९२ साली केंद्र शासनाने निवासी डॉक्टरांसाठीही तोच आकडा लिहिला: सलग १२ तासांहून अधिक नाही, आठवड्याला ४८ तासांहून अधिक नाही. हा कागद आहे, हे आम्हांला फार उशिरा कळले. आणि आम्ही ज्या डॉक्टर पोरांना तो सांगितला त्यांतल्या कित्येकांना तो माहीतच नव्हता. ती हसली. छत्तीस तासांची ड्यूटी ज्यांना नेहमीची, त्यांना ४८ तासांचा आठवडा म्हणजे परीकथाच. त्यात २०२१ साली पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा एप्रिलवरून सप्टेंबरवर गेली आणि प्रवेश पुढल्या जानेवारीपर्यंत रखडले. तीन वर्षांच्या तुकड्यांचे काम दोन तुकड्यांवर आले. ऐन साथीत तिसरा बैल गाडीला जुंपलाच नाही, आणि उरलेल्या दोघांना हार घातले.

हार म्हटले ते उगीच नाही. मार्च २०२० मध्ये आपण थाळ्या वाजवल्या, मे महिन्यात रुग्णालयांवर हेलिकॉप्टरांतून फुले पडली. थाळी आम्हीही वाजवली. त्याच दिवसांत घरमालक डॉक्टरांना खोल्या खाली करायला सांगत होते, आणि एप्रिलमध्ये चेन्नईत कोरोनाने गेलेल्या एका डॉक्टरच्या दफनाच्या वेळी जमावाने दगडफेक केली. शेवटी त्यांच्या सहकारी डॉक्टरने रात्री स्वतः माती लोटली. हल्ले इतके झाले की २२ एप्रिल २०२० ला १८९७ च्याच साथरोग कायद्यात वटहुकुमाने दुरुस्ती करून सात वर्षांपर्यंत शिक्षा ठेवावी लागली. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या गणतीप्रमाणे पहिल्या लाटेत ७४८ आणि दुसऱ्या लाटेत जून २०२१ अखेर ७९८ डॉक्टर गेले.

'योद्धा' आणि 'देवदूत' हे शब्द आम्हांला म्हणूनच खटकतात. देवदूताला भूक लागत नाही आणि योद्ध्याने मजुरी मागायची नसते. येथे, या स्थानी, कायक या शब्दाचा अर्थ आम्ही सांगायची गरज नाही. बसवेश्वरांच्या परंपरेत श्रम हीच पूजा. पण कायकाबरोबर दासोहही आहे. काम करणाऱ्याच्या ताटात अन्न पडले पाहिजे, ही त्या शिकवणीची दुसरी बाजू. आपण पहिली बाजू दुसऱ्यांना सांगतो आणि दुसरी विसरतो. तीच गत आशा ताईंची. त्यांनी घरोघर ताप मोजला, आणि जून २०२१ मध्ये सुमारे ७० हजार आशांना मानधनासाठी संप करावा लागला. सिस्टर, वॉर्डातले मामा आणि मावशी, रुग्णवाहिकेचा चालक यांचे नाव आम्ही आज घेतले नाही, ते विसरलो म्हणून नव्हे. त्यांच्यावर बोलायला एक दिवस पुरणार नाही.

आता फाटकाशी आम्ही काय करीत होतो ते सांगतो.

आम्ही पाहिले की डॉक्टरच्या दिवसातला फार मोठा वेळ आणि त्याहून मोठी ताकद नातेवाइकांना तोंड देण्यात जाते. फाटकाबाहेर दोन-अडीचशे माणसे उन्हात बसलेली. पारा चाळिशीच्या वर. आत आपला माणूस जिवंत आहे की नाही एवढेही कळत नाही. मग कोणी आत घुसतो, कोणी शिवी देतो, कोणी पाय धरतो. डॉक्टरला शिवी सोसते, पण पाय धरलेले सोसत नाहीत, असे एकाने सांगितले. त्या एप्रिलमध्ये आपल्या जिल्ह्यात एका रुग्णवाहिकेतून २२ मृतदेह नेले गेले होते. लोकांचा विश्वास उडालेला होता, आणि तो उडायला कारण होते.

आम्ही एक शंभर पानी वही घेतली. रुग्णाचे नाव, गाव, बाहेर बसलेल्या नातेवाइकाचे नाव. सकाळी अकराला आणि संध्याकाळी सहाला वही आत जायची. आतली कोणी सिस्टर किंवा शिकाऊ डॉक्टर प्रत्येक नावापुढे चार शब्द लिहायची: जेवले, ऑक्सिजन किती, बोलतात, काय मागतात. कुणाला चष्मा हवा असे, कुणाला कवळी, एका आजोबांना हरिपाठ. वही बाहेर आली की आमची पोरे लिंबाखाली एकेका कुटुंबाला बाजूला घेऊन वाचून दाखवीत. मोठ्याने वाचायचे नाही, हा नियम. दुसरा नियम त्या जिन्यावरच्या मुलीनेच घातला. मृत्यूची बातमी वहीतून सांगायची नाही. ती डॉक्टरनेच बाहेर येऊन सांगायची. आम्ही फक्त शेजारी उभे राहायचे. आम्ही म्हटले, तेवढा भार तरी आमच्यावर टाका. ती म्हणाली, "नाही काका, ते माझं काम आहे. बाकीचं घ्या."

तिच्या मनाला घट्टा पडला नव्हता, हे आम्हांला त्या वाक्यावरून कळले. पुढे पाच आठवडे त्या फाटकावर काच फुटली नाही. वहीमुळेच असे आमचे म्हणणे नाही. पण वहीनंतर आत घुसणारे कमी झाले हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. डॉक्टर लोकांना रोज पाऊण तास जेवायला मिळू लागला. एवढ्याने त्यांचा ताण गेला का? नाही. पाऊण तास मिळाला, एवढेच.

पुढच्या वर्षी त्या मुलीची गाठ पडली. आम्ही माफी मागायला गेलो होतो. त्या सकाळी आपण कसे ओरडलो, काय बोललो, ते सगळे सांगितले. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "त्या आठवड्यात खूप जण ओरडले, काका. तुम्ही कोणते ते खरंच आठवत नाही." मग तिने विचारले, तुमचे कोण होते? व्हरांड्यात गादीवर होते, मुकादम, असे सांगितले. ती लगेच म्हणाली, "तिसऱ्या खांबापाशी. त्यांना रात्री चहा हवा होता. मला आणता आला नाही."

आम्हांला तेव्हा बोलता आले नाही, आणि आताही त्याविषयी अधिक बोलत नाही.

पुढची साथ केव्हा येईल ते कोणी सांगू शकत नाही, पण वही आज करून ठेवता येते. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयामागे चार माणसे हवीत, त्यांतल्या दोन बाया. लिहितावाचता येणे पुरे. हळू बोलता येणे मात्र आवश्यक. रुग्णालयाच्या अधिकाऱ्याला आधी भेटायचे, त्याच्या संमतीवाचून काही करायचे नाही. त्याच भेटीत विचारायचे की येथे डॉक्टरांना बसायला खोली आहे का, तिला पंखा आहे का, डॉक्टरीणबाईंसाठी स्वच्छतागृह आहे का, आणि मंजूर जागांपैकी रिकाम्या किती. उत्तरे त्याच वहीच्या शेवटच्या पानावर लिहायची आणि ते पान ग्रामसभेत वाचायचे. नावे आज येथेच, पायऱ्यांजवळच्या टेबलाशी, आमचा कार्यकर्ता लिहून घेईल. गावाचे आणि तालुक्याचे नाव स्पष्ट लिहावे.